लहान विद्यापीठात बिझनेसची पदवी : वेळापत्रक, वर्ग, प्रकल्प, नोकरी

खतावणी (धागाकर्ता)

लहान म्हणजे या धाग्यापुरतं असं धरू: एकूण विद्यार्थी दोन-तीन हजार, बिझनेस विभागात कायमचे शिक्षक दहा-पंधरा, वर्गात पंधरा ते तीस जण. मोठं चांगलं की लहान, हा वाद इथे नको. प्रवेश झालेला आहे, आता त्याचं जास्तीत जास्त काय करता येईल एवढंच बोलू. आत्मकथा नकोत. पायऱ्या, आकडे, कुठे अडतं आणि का अडतं ते लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा ठिकाणी शिकवणं सहसा वाईट नसतं, कित्येकदा मोठ्या ठिकाणापेक्षा बरंच असतं. कमतरता दोनच असतात. एक, विषय वारंवार चालत नाहीत. दोन, बाहेरच्यांना नाव माहीत नसतं. बाकीच्या तक्रारी बहुधा या दोनांतूनच निघतात.

पहिलीपासून सुरुवात. मोठ्या ठिकाणी वित्तीय लेखांकन दर सत्रात चालतं. लहान ठिकाणी वर्षातून एकदा, आणि वरच्या वर्गाचे ऐच्छिक विषय तर एक वर्ष आड. आता साखळी बघा: वित्तीय लेखांकन, त्यावर व्यवस्थापकीय लेखांकन, त्यावर कॉर्पोरेट फायनान्स, त्यावर मूल्यांकन (कंपनीची किंमत काढणं). पहिला विषय एका सत्राने चुकला तर शेवटचा एका सत्राने पुढे जात नाही, वर्षाने जातो. मूल्यांकन एक वर्ष आड असेल तर कदाचित मिळतच नाही.

म्हणून पहिल्याच महिन्यात विभागाच्या कार्यालयातून मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष चाललेली वेळापत्रकं मागून घ्या. माहितीपुस्तिका नव्हे. तिच्यात असलेले निम्मे विषय कागदावरच असू शकतात. मग एक तक्ता करा. उभ्या बाजूला विषय, आडव्या बाजूला सत्रं, जिथे विषय चालला तिथे खूण आणि शिक्षकाचं नाव. शेवटच्या सत्रात हवा असलेला विषय आधी मांडा आणि तिथून मागे मागे येत पूर्वअटी भरा. पुढून भरत गेलात की हमखास दोन विषय एकाच तासाला येतात.

ज्या विषयासमोर तिन्ही वर्षं एकच नाव दिसतं तो विषय त्या एका माणसावर उभा आहे. ते निवृत्तीला आलेत का, किंवा अभ्यासरजेवर जाणार आहेत का, हे विभागप्रमुखांना सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही, ते मोकळेपणाने सांगतात.

---

चौथी_रांग

वरच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला: किमान संख्या. किती जणांनी नाव नोंदवलं तर विषय चालतो, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, फक्त कुणी विचारत नाही. लोक काय करतात, नोंदणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. विभाग मात्र त्याच्या आठवडाभर आधीच आकडा बघून विषय रद्द करतो. दहा जण ‘घेऊ की’ म्हणत बसतात, नोंद तिघांची असते आणि विषय जातो. ज्यांना खरंच हवा आहे त्यांनी नोंदणी उघडते त्याच दिवशी नाव घालावं. दोघे-तिघे कमी पडत असतील तर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणक या विभागांत विचारावं. तिथल्या मुलांना फायनान्सचा एखादा विषय चालतो.

तरीही रद्द झालाच, तर ‘स्वतंत्र अध्ययन’ हा मार्ग असतो. त्याचा अर्ज शिक्षकाकडे रिकाम्या हाताने घेऊन जाऊ नका. दोन पानं तयार करा: बारा आठवड्यांचं वाचन आठवड्यानिशी, दर दोन आठवड्यांनी एक लेखी काम, शेवटी एक मोठं काम, मूल्यमापनाचे टक्के, आणि तुमच्याकडून शिक्षकाचा किती वेळ जाईल याचा अंदाज (आठवड्याला अर्धा तास पुरतो). शिक्षक नाही म्हणतात ते बहुधा विषय नकोसा असतो म्हणून नव्हे, आखणीचं काम आपल्यावर पडेल म्हणून. ते तुम्ही करून नेलंत की बरेचदा होकार येतो.

---

आडवा_प्रश्न

सगळं ठीक, पण मुद्द्याचं बोला. ज्या ठिकाणचं नाव कुणी ऐकलेलं नाही तिथून बिझनेस शिकण्यात अर्थ काय? इंजिनिअरला निदान पूल बांधून दाखवता येतो. बिझनेसवाल्याकडे नाव आणि ओळखी सोडून असतं काय?

---

मोजपट्टी

@आडवा_प्रश्न, प्रश्न रास्त आहे, उत्तर धंद्याप्रमाणे बदलतं. इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि मोठ्या सल्लागार कंपन्या यांच्या भरती ठरावीक विद्यापीठांच्या यादीतून होतात. त्या यादीबाहेरून थेट शिरणं अवघड, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लेखापरीक्षण, बँकेतलं कर्जविश्लेषण, पुरवठा साखळी, विक्री, कंपन्यांमधली खर्च-लेखांकनाची आणि नियोजनाची कामं, इथे विद्यापीठाच्या नावाचं वजन बरंच कमी असतं. तिथे कामाचा नमुना आणि व्यावसायिक परीक्षा चालतात.

यादीतल्या दोन धंद्यांत जायचंच असेल तर नेहमीचा रस्ता दुसऱ्या टप्प्याचा: पदवी इथे, दोन-चार वर्षं चांगलं काम, मग मोठ्या ठिकाणी पदव्युत्तर. त्यासाठीची जीमॅट ही प्रवेशपरीक्षा आता २ तास १५ मिनिटांची आहे. ६४ प्रश्न, ४५ मिनिटांचे तीन भाग, गुण २०५ ते ८०५ मध्ये. गुण पाच वर्षं चालतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात, अभ्यासाची सवय मोडायच्या आधी देऊन ठेवणं शहाणपणाचं.

अवांतर: पूल बांधून दाखवण्याचा मुद्दा आवडला. बिझनेसवाल्यानेही दाखवण्याजोगं काही बांधावं, त्यावर खाली लिहितो.

---

शेवटचा_बाक

वर्गाबद्दल. केस पद्धतीचं उदाहरण घ्या, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा निर्णय आधी वाचून वर्गात त्यावर चर्चा. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये (स्थापना १९०८) एका तुकडीत साधारण ९० जण असतात. तिथे प्रत्येक तासाला बोलायला मिळेलच असं नाही, पण तयारी नसली तर लपताही येतं. अठरा जणांच्या वर्गात ७५ मिनिटांचा तास म्हणजे माणशी चार मिनिटं. लपायला जागा नाही.

केसची तयारी अशी करा. पहिल्या फेरीत पंधरा मिनिटं: पहिलं पान, शेवटचं पान आणि तक्त्यांची शीर्षकं. एवढ्यात कळलं पाहिजे की निर्णय कुणाला, कशाबद्दल, कधीपर्यंत घ्यायचा आहे. ते कळलं नाही तर पुढे वाचू नका, परत पहिलं पान. दुसऱ्या फेरीत फक्त तक्ते, हातात गणकयंत्र. मजकुरातली विधानं तक्त्यांशी जुळतात का बघा. केस लिहिणारे तिथे मुद्दाम फट ठेवतात. मग एका कागदावर: माझा निर्णय, दोन कारणं, एक हिशेब, आणि याच्यावर सगळ्यात जोरकस आक्षेप कोणता.

लहान वर्गात बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या वर्षापासून तेच चेहरे. कोण काय बोलणार हे तिसऱ्या सत्रापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. दोन-तीन बोलके तास खातात, बाकीचे गप्प बसतात, आणि शांतता असह्य झाली की शिक्षक व्याख्यान सुरू करतात. तिथे केस संपली. उपाय सोपा आहे: आदल्या दिवशी भूमिका वाटून द्यायला सांगा. तुम्ही कर्ज देणारी बँक, तुम्ही पुरवठादार, तुम्ही कामगार संघटना, तुम्ही स्पर्धक. स्वतःचं मत मांडायची सोय काढून घेतली की गप्प बसणारेही बोलतात.

---

तिरपी_ओळ

+१. गुणांबद्दल एक भर घालते. वर्गात बाराच जण असतील तर ‘वक्राप्रमाणे’ (म्हणजे एकमेकांच्या तुलनेत) गुण देण्याला काही अर्थ राहत नाही. एक माणूस म्हणजेच आठ टक्क्यांहून जास्त. एखाद्या तुकडीत चार हुशार जमले की पाचवा उगाच खाली जातो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात विचारा: गुण ठरलेल्या निकषांवर, की एकमेकांच्या तुलनेत? उत्तर लेखी अभ्यासक्रम-पत्रात आहे का बघा.

बायोडेटात ‘पहिल्या १० टक्क्यांत’ असं लिहू नका. १८ जणांच्या वर्गाचे १० टक्के म्हणजे एक पूर्णांक आठ माणसं. ‘१८ मध्ये दुसरा’ हे प्रामाणिकही आहे आणि वाचणाऱ्याला कळतंही.

---

ताळा_जमेना

आमच्याकडे बाजाराची माहिती देणारं टर्मिनल नाही, महागडे डेटाबेसही नाहीत. फायनान्सचं प्रत्यक्ष काम शिकायचं कसं?

---

मोजपट्टी

टर्मिनल नसल्याने पदवीच्या पातळीवर फारसं अडत नाही. जे लागतं त्यातलं बहुतेक उघड्यावर पडलंय.

अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल ‘एडगर’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. वार्षिक अहवालाच्या १०-के या नमुन्यात कुठे काय असतं ते पाठ करून ठेवा. आयटम १ए मध्ये जोखमी, आयटम ७ मध्ये व्यवस्थापनाचं स्वतःचं विश्लेषण, आयटम ८ मध्ये आर्थिक पत्रकं आणि टिपा. वाचायची सुरुवात टिपांपासून करा. उत्पन्न कधी नोंदवलं, भाडेकरार किती, कर्ज कधी फेडायचं, हे सगळं तिथे असतं. व्याजदर, महागाई, बेरोजगारी यांच्या मालिका अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या सेंट लुईस शाखेच्या ‘फ्रेड’ या संकेतस्थळावर मिळतात. उद्योगवार बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो ते), भांडवलाची किंमत, नफ्याचं प्रमाण यांचे तक्ते न्यूयॉर्क विद्यापीठाचे अस्वथ दामोदरन दर जानेवारीत नव्याने मांडतात, तेही फुकट. देशांची तुलना करायची असेल तर जागतिक बँकेची आकडेवारी.

आता बांधून दाखवण्याबद्दल. एक कंपनी निवडा. बँक किंवा विमा कंपनी नको, त्यांची पत्रकं निराळी असतात. वस्तू बनवणारी किंवा विकणारी, एकाच धंद्यातली. मागची पाच वर्षं हाताने उतरवा, पुढची पाच वर्षं तिन्ही पत्रकं जोडून मांडा: नफा-तोटा, ताळेबंद, रोकड प्रवाह. गृहीतकं सगळी एका पानावर, निळ्या अक्षरांत. सूत्रं काळ्यात. सूत्राच्या आत आकडा टाइप करायचा नाही, एकदासुद्धा नाही.

तुमच्या नावावरून अंदाज करतो की पुढचा प्रश्न ‘ताळेबंद जुळत नाही’ हा असेल. फरक किती आहे ते आधी बघा. फरकाला दोनाने भागून येणारा आकडा पत्रकात कुठे सापडला, तर चिन्ह उलटं पडलंय: अधिक हवं तिथे उणे. फरकाला नऊने भाग जात असेल तर दोन अंक अदलाबदल झालेत, ५४ च्या जागी ४५ वगैरे. दर वर्षी फरक तेवढाच राहत असेल तर चूक सुरुवातीच्या ताळेबंदात आहे. दर वर्षी वाढत असेल तर रोकड प्रवाहातली एखादी ओळ सुटलीय, बहुधा घसारा, नाहीतर खेळत्या भांडवलातला बदल. फरकाची ओळ टाकून तो जुळवून देऊ नका. मुलाखतीत समोरचा पहिलं तेच शोधतो.

---

ताळा_जमेना

नेमकं ओळखलंत. आता फरक शून्य आला, पण एक्सेल ‘वर्तुळाकार संदर्भ’ म्हणून ओरडतंय.

---

मोजपट्टी

व्याज सरासरी कर्जावर काढलं असणार. व्याजाने नफा बदलतो, नफ्याने रोकड बदलते, रोकडीने कर्ज बदलतं, कर्जाने पुन्हा व्याज. पदवीच्या कामाला व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या कर्जावर काढा, वर्तुळ तुटतं. सरासरीवरच हवं असेल तर एका घरात ० किंवा १ ठेवा. १ असेल तर सरासरी, ० असेल तर सुरुवातीचं कर्ज, आणि एक्सेलमध्ये पुनरावृत्तीची गणना चालू करा. एकदा चूक शिरली की ती सगळ्या वर्तुळात पसरते. मग ० करून स्वच्छ करायचं आणि परत १.

---

पोटकलम

मान्यतांबद्दल लोक गोंधळ घालतात, म्हणून थोडक्यात. विद्यापीठाला मान्यता असणं आणि बिझनेस विभागाला स्वतंत्र मान्यता असणं या दोन गोष्टी. बिझनेस शिक्षणाच्या तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय मान्यता: एएसीएसबी (संस्था १९१६ ची), एक्विस, आणि आंबा. आंबा अभ्यासक्रमांना मान्यता देते, मुख्यतः एमबीएच्या. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला तिचा थेट उपयोग नाही. याखेरीज एसीबीएसपी ही १९८८ ची संस्था. तिचा भर संशोधनापेक्षा शिकवण्यावर असल्याने लहान विद्यापीठं बरेचदा तिच्याकडे जातात.

व्यवहारात फरक कुठे पडतो? एक, पुढे पदव्युत्तर प्रवेशाला किंवा विषयांची सूट घ्यायला. दोन, बीटा गॅमा सिग्मा ही १९१३ ची सन्मान-संस्था फक्त एएसीएसबी मान्यतेच्या ठिकाणीच असते. बाकी नोकरी देणाऱ्यांपैकी फार थोडे हे बघतात. जाहिरातीत ‘मान्यतेच्या प्रक्रियेत’ असं लिहिलेलं असेल तर मान्यता नाही असंच वाचा.

---

खतावणी

@पोटकलम धन्यवाद. व्यावसायिक परीक्षांबद्दलही लिहाल का? लहान ठिकाणच्यांना नावाची उणीव तिथे भरून काढता येते असं ऐकतो.

---

पोटकलम

अर्धं खरं. सीएफए ही गुंतवणूक-विश्लेषणाची तीन टप्प्यांची परीक्षा. तिचा पहिला टप्पा पदवी संपायच्या २३ महिने आधीपासून देता येतो. १८० प्रश्न, २ तास १५ मिनिटांची दोन सत्रं, प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. अभ्यासाला सुमारे ३०० तास लागतात असं संस्थाच सांगते. आठवड्याला १५ तास धरले तर पाच महिने. सत्राच्या मध्यावर परीक्षा धरू नका, सुट्टीच्या शेवटी धरा. एकच गोष्ट लक्षात असू द्या: पहिला टप्पा पास असणं हे फक्त ‘हा माणूस नेटाने अभ्यास करतो’ एवढंच सांगतं. बांधलेल्या मॉडेलची जागा ते घेत नाही.

एसीसीए या लेखापालांच्या परीक्षांचं गणित वेगळं. एकूण १३ परीक्षा, आणि पदवीतल्या विषयांवर जास्तीत जास्त ९ ची सूट मिळू शकते. किती मिळेल ते तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांनी आधी तपासलाय का यावर ठरतं. लहान ठिकाणी तो तपासलेला नसतो, मग तुमचे अभ्यासक्रम-पत्र एकेक करून मागतात.

स्पर्धांमध्ये सीएफए रिसर्च चॅलेंज बघा. तीन ते पाच जणांचा संघ, एका कंपनीवर अहवाल, मग सादरीकरण आणि परीक्षकांचे प्रश्न. मोठ्या ठिकाणी संघात शिरण्यासाठीच चुरस असते. लहान ठिकाणी पाच जण जमवणं हीच चुरस. ही सोय आहे, फायदा घ्या.

---

अर्धविराम

सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावर संघाने कंपनी चालवायच्या खेळावर (एक फेरी म्हणजे एक वर्ष), कुणीच लिहिलं नाही. शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी असतं, त्यातलं कॅपसिमचं कॅपस्टोन सगळ्यात पसरलेलं. त्यात सहा कंपन्या असतात. वर्गात बाराच जण असतील तर तीन संघ माणसांचे आणि उरलेल्या कंपन्या संगणक चालवतो. संगणक सावध खेळतो, फार हुशारी करत नाही. त्यामुळे लहान वर्गात खरी लढत त्या दोन मानवी संघांशी, आणि ते काय करणार हे तुम्हाला माहीत असतं, कारण रोज शेजारीच बसतात.

संघ बुडतात ते एकाच वाटेने. विक्रीचा अंदाज फुगवून धरायचा, तेवढं उत्पादन करायचं, माल पडून राहतो, रोकड संपते, आणि आपत्कालीन कर्ज आपोआप अंगावर येतं. ते चालू दरापेक्षा साडेसात टक्के महाग असतं. कागदावर नफा दिसत असतानाही हे होतं, कारण पडून राहिलेला माल खर्चात नसतो, ताळेबंदात असतो. म्हणून अंदाज दोन करा. विक्रीच्या रकान्यात निराशावादी आकडा घाला, उत्पादन आशावादी आकड्याप्रमाणे ठेवा. दोघांतल्या फरकाएवढा माल पडून राहिला तरी रोकड शून्याखाली जात नाही ना, हे अंदाजपत्रकावर बघा. जात असेल तर फेरी बंद व्हायच्या आधी कर्ज किंवा भांडवल उभं करा.

दुसरं: यंत्रक्षमता आज विकत घेतली तरी वापरायला पुढच्या वर्षी मिळते. स्वयंचलनाचंही तसंच. हे विसरणारा संघ तिसऱ्या फेरीत ऑर्डर असून माल नाही या अवस्थेत सापडतो.

---

तिरपी_ओळ

बाजार-सर्वेक्षणाच्या प्रकल्पांतही लहान जागेचं गणित वेगळं असतं. पुस्तकात ३८५ चा नमुना सांगतात: ९५ टक्के विश्वास, ५ टक्के इकडे-तिकडे. तो प्रचंड मोठ्या लोकसंख्येसाठी. तुमचा प्रश्न फक्त ६०० वसतिगृहवासीयांबद्दल असेल तर दुरुस्ती करून २३५ पुरतात. १० टक्के चूक चालत असेल तर मोठ्या लोकसंख्येलाही ९७ च लागतात.

पण संख्या हा खरा अडसर नाहीच. मैत्रांच्या ग्रुपवर दुवा टाकून १५० उत्तरं गोळा केली तर ती १५० उत्तरं एकाच कोपऱ्यातली असतात, त्यांना हा हिशेब लागू होत नाही. विद्यापीठ लहान असण्याचा फायदा असा की पूर्ण यादी मिळू शकते. निबंधकांच्या कार्यालयाला सांगा: नावं नकोत, त्यांनीच यादीतून यादृच्छिक ३०० जण निवडून ईमेल पाठवावी. मोठ्या ठिकाणी यासाठी समितीकडून समितीकडे फिरावं लागतं.

---

चौथी_रांग

‘बांधून दाखवण्या’च्या यादीत अजून एक: विद्यापीठच गिऱ्हाईक. ग्रंथालय, वसतिगृह, वाहतूक, नोंदणी कार्यालय. लहान ठिकाणी निर्णय घेणारा माणूस दोन दारं सोडून बसतो. रांगेचा प्रकल्प सगळ्यात सोपा. लिटलचा नियम पुरतो: रांगेतली सरासरी माणसं = दर तासाला येणारी माणसं × सरासरी थांबण्याचे तास. तासाला ३० येतात आणि सरासरी ६ मिनिटं थांबतात, म्हणजे ३० × ०.१ = ३ माणसं. तुम्ही फक्त दर पाच मिनिटांनी रांग मोजा आणि येणारे मोजा, थांबण्याचा वेळ हिशेबाने निघतो. घड्याळ घेऊन कुणाच्या मागे लागायला नको. एकच पथ्य: मोजायला सुरुवात केली तेव्हाची आणि संपवली तेव्हाची रांग साधारण सारखी हवी. गर्दी चढत असताना मध्येच थांबलात तर आकडा चुकतो.

सुरुवातीला एका पानाचं पत्र करून सही घ्या: प्रश्न कोणता, कोणती आकडेवारी मिळेल, कधीपर्यंत, शेवटी काय देणार, आणि बायोडेटात उल्लेख चालेल का. शेवटचा मुद्दा नंतर विचारला की लोक बिचकतात. बारा आठवड्यांपैकी आकडेवारी हाती यायलाच चार जातात, म्हणून मागणी पहिल्या आठवड्यात.

---

आडवा_प्रश्न

हे सगळं गटात करायचं असणार. आणि लहान ठिकाणी गटात तेच तेच लोक. कामचुकार एकदा मिळाला की पदवीभर मिळतो. त्याचं काय?

---

शेवटचा_बाक

हो, ही खरी अडचण आहे, आणि तिला फार गोड उत्तर नाही. ‘एकमेकांचं मूल्यमापन’ चार जणांच्या गटात गुप्त राहत नाही. कुणी कमी गुण दिले ते सगळ्यांना कळतं, म्हणून सगळे सगळ्यांना सारखे देतात. त्यापेक्षा कामाची नोंद बोलू द्या. फाइल एकच, ऑनलाइन, बदलांचा इतिहास चालू. सुरुवातीला अर्ध्या पानाचा करार: कोण काय करणार, गटाची मुदत खऱ्या मुदतीच्या ४८ तास आधी, ती चुकली तर तो भाग कोण उचलणार आणि शिक्षकांना कळवायचं की नाही. सही पहिल्याच बैठकीत, अजून कुणी कुणावर रागावलेलं नसताना.

आणि भाग असे तोडा की एक भाग आला नाही तरी बाकी उभं राहील. ‘एकाने आकडे आणायचे, मग दुसऱ्याने विश्लेषण’ अशी आगगाडी केली की पहिला डबा अडला की सगळी अडते.

---

अर्धविराम

नोकरीवर येऊ या. रोजगार कक्षात बहुधा एकच माणूस असतो आणि तो सगळ्या विभागांचा. त्याच्याकडे ‘नोकरी हवी’ म्हणून जाऊन उपयोग नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी मागा. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो, तिथे कंपनी, काम, गाव अशी चाळणी लावता येते. लहान विद्यापीठाचे एखाद्या कंपनीत तीनच जण सापडतील. पण मोठ्या ठिकाणच्या माणसाला अशी पत्रं ढिगाने येतात, या तिघांना क्वचितच. म्हणून उत्तर येण्याची शक्यता बरी असते.

पत्र १०० शब्दांच्या आत. एक ओळ मी कोण, एक ओळ तुम्हालाच का, एक नेमका प्रश्न, वीस मिनिटांची विनंती आणि दोन वेळा. बायोडेटा जोडायचा नाही, तो जोडला की ते नोकरीचं मागणं होतं. बोलणं झाल्यावर शेवटी विचारायचं: अजून कुणाशी बोलावं? खरं काम तिथून पुढे होतं.

अर्ज करताना विद्यापीठाचं नाव पहिल्या ओळीत ठळक करायची गरज नाही. वर प्रकल्प, खाली शिक्षण. प्रकल्पाची ओळ क्रियापद आणि आकडा घेऊन यावी: ‘रांगेतला सरासरी वेळ मोजला, दुसरी खिडकी केव्हा उघडावी ते सुचवलं, कार्यालयाने वेळापत्रक बदललं.’ ‘सचिव, वाणिज्य मंडळ’ याने काही कळत नाही. आठ जणांच्या मंडळात पाच पदाधिकारी असतात हे भरती करणाऱ्यालाही ठाऊक असतं.

---

तिरपी_ओळ

शिफारसपत्र ही मात्र लहान ठिकाणची सगळ्यात मोठी मिळकत. दोनशे जणांना शिकवणारा शिक्षक ‘नियमित, मेहनती’ एवढंच लिहू शकतो. तीन विषय शिकवलेला शिक्षक ‘दुसऱ्या सत्रात हिने भांडवली खर्चाच्या गृहीतकावर घेतलेला आक्षेप बरोबर निघाला’ असं लिहू शकतो. पण त्यांना ते आठवायला हवं. सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत द्या: बायोडेटा, गुणपत्रक, त्यांच्या शेऱ्यांसकट तुमचं एक जुनं काम, कुठे अर्ज आणि शेवटची तारीख, आणि चार-पाच ओळींत तुम्हाला कशाचा उल्लेख हवा. दोन पत्रं एकाच विषयाच्या शिक्षकांकडून घेऊ नका. एक आकडेमोडीच्या विषयातलं, एक लेखनाच्या.

---

खतावणी

पत्रांसारखाच एक कंटाळवाणा पण अत्यावश्यक कागद: प्रत्येक विषयाचं पूर्ण अभ्यासक्रम-पत्र. पुस्तकं, आठवड्यांचे विषय, तासांची संख्या, मूल्यमापन, सगळं. पोटकलम यांनी सूट मिळवताना ते मागतात असं वर लिहिलंच आहे. पदव्युत्तर प्रवेशातही मागतात. लहान विभागात जुनी पत्रं एखाद्या शिक्षकाच्या संगणकावर असतात, आणि ते शिक्षक गेले की पत्रंही जातात. दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात पीडीएफ उतरवून घ्या. फाइलच्या नावात विषयक्रमांक आणि वर्ष टाका, आणि विद्यापीठाच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या खात्यात ठेवा. विद्यापीठाचं खातं पदवीनंतर बरेचदा बंद होतं.

---

ताळा_जमेना

हे आत्ताच केलं. दोन जुन्या विषयांची पत्रं नाहीत. कुणाकडे मागू?

---

पोटकलम

आधी विभागाच्या कार्यालयात, मग शिक्षकांकडे, मग एक वर्ष पुढच्यांकडे. या तिन्हीकडे नसेल तर ग्रंथालयाच्या राखीव पुस्तकांच्या नोंदीत त्या विषयाची यादी बहुतेक वेळा असते. त्यावरून पत्र नव्याने तयार करून विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. वर ‘मूळ प्रत उपलब्ध नाही’ अशी स्पष्ट नोंद हवी, नाहीतर तपासणारा ते परत पाठवतो.